गिरणी जपायची म्हणजे नेमके काय जपायचे?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण सीमेवर गॅस्टन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. 1846 साली ही काउंटी वेगळी झाली तेव्हा तिथे शेती होती, ओढ्यांवर पिठाच्या चक्क्या होत्या आणि गावोगाव दारूच्या भट्ट्या होत्या. पुढच्या दोनेक वर्षांत कटॉबा नदीकाठी माउंटन आयलंड येथे सूतगिरणी उभी राहिली आणि शतक उलटण्याआधी काउंटीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत गिरणीचे धुराडे दिसू लागले. त्यातली सर्वांत मोठी गिरणी लोरे. गॅस्टोनिया शहराच्या पश्चिम अंगाला 1900 ते 1902 या काळात ती बांधली गेली. 1935 साली ती फायरस्टोन या टायर कंपनीने घेतली आणि 1993 साली उत्पादन शेजारच्या किंग्ज माउंटनमधल्या नव्या कारखान्यात हलले. लोरेची जुनी इमारत रिकामी पडली. आज तिथे भाड्याच्या सदनिका आहेत.

हे रूपांतर केवळ खासगी पैशातून झालेले नाही. ऐतिहासिक इमारत नियमानुसार दुरुस्त केली, तर खर्चाच्या 20 टक्के रक्कम विकासकाच्या करातून थेट वजा होते. ही सवलत केंद्र सरकारची. तिच्या जोडीला नॉर्थ कॅरोलायनाने 2006 पासून बंद गिरण्यांसाठी वेगळी सवलत दिली. काउंटी किती मागास आहे हे पाहून ती 30 किंवा 40 टक्के ठरे आणि ती 2014 अखेरपर्यंत चालली. करातून सोडलेला पैसा हा जनतेचाच पैसा. त्याच्या बदल्यात सरकार काय तपासते? खिडक्यांच्या चौकटी, विटांच्या सांध्यातला चुना, खांब, लाकडी तक्तपोशी. तिथे काम कसे चालत होते आणि कोण करत होते, याबद्दल एकही अट नाही. ही अट असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ती कशी असावी हे सांगण्याआधी गिरणीच्या आत जावे लागेल, कारण या काउंटीचा इतिहास समजण्याची किल्ली भिंतीत नाही, साच्यात, म्हणजे गिरणीच्या यंत्रात आहे.

अर्थात भिंतही बोलते. या गिरण्या मंद जळणाऱ्या बांधणीच्या होत्या. बाहेर जाड विटांची भिंत, आत मोजकेच पण भक्कम लाकडी खांब आणि तुळया, त्यावर तीन-तीन इंच जाडीच्या फळ्या आणि वर मेपलच्या लाकडाची जमीन. बारीक वाशांची दाटी मुद्दाम टाळलेली, कारण बारीक लाकूड भराभर पेटते. जाड तुळई वरून कोळसा होते पण बराच वेळ भार पेलून धरते. जिना इमारतीच्या पोटात न ठेवता बाहेरच्या मनोऱ्यात काढलेला, म्हणजे आग जिन्याच्या पोकळीतून मजल्यामागून मजला चढत नाही. आगीच्या फवाऱ्यांना दाब मिळावा म्हणून पाण्याची टाकी त्याच मनोऱ्यावर. ही सगळी शिस्त अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या विमा मंडळ्यांनी लावलेली. कापसाची पूड आणि वंगण एकत्र आले की ठिणगी पुरते, हे त्यांना नुकसानभरपाई देऊन देऊन कळले होते.

सदनिका बघायला येणाऱ्यांना सर्वांत आवडतात त्या उंच खिडक्या. विजेचे दिवे महाग होते तोवर त्या उजेडासाठी होत्या. पण त्या उघडता येत नसत, निदान कामाच्या वेळी तरी. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने त्याच्यात वीज साठते, तंतू एकमेकांना धरत नाहीत आणि सूत तुटते. म्हणून खात्यात पाण्याची वाफ किंवा तुषार सोडून दमटपणा राखावा लागे, साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात तर सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत. कॅरोलायनाच्या जुलैत, बंद खिडक्यांच्या आत, यंत्रांची उष्णता आणि वरून ही वाफ. दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन आले तेव्हा बहुतेक गिरण्यांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. आता दुरुस्ती करताना त्या विटा काढतात, जुन्या मापाच्या काचा बसवतात आणि उजेडाने न्हालेले दालन तयार होते. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, पण त्या दालनात उभे राहणाऱ्याला तिथल्या कामाबद्दल नेमकी उलट समजूत मिळते.

आता साच्याकडे. रुईची गाठ सुमारे 500 पौंडांची, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. ती फोडायची, वेगवेगळ्या गाठींतली रुई मिसळायची, झोडपून कचरा आणि सरकीचे तुकडे काढायचे, मग कार्डिंगच्या तारांच्या दातांतून तंतू सरळ करून पेळू, म्हणजे कापसाची सैल दोरी काढायची. सहा पेळू एकत्र ओढून त्यांचा एक करायचा, म्हणजे एकातला जाडपणा दुसऱ्यातल्या बारीकपणाने भरून निघतो. गॅस्टनची ख्याती होती बारीक, कोम्ब केलेल्या सुताची. त्यासाठी मधे आणखी एक फणी फिरते आणि आखूड तंतू गाळून टाकते. मग रोव्हिंगच्या साच्यावर हलका पीळ देत पेळू पेन्सिलीहून बारीक करायचा (या बारीक पेळूलाच रोव्हिंग म्हणतात) आणि शेवटी रिंग साच्यावर कातायचा. रिंग साचा अमेरिकेतला शोध, 1828 सालचा. पोलादी कड्यावर एक चिमुकली तारेची कडी फिरते, तिला ट्रॅव्हलर म्हणतात. ती सुताला पीळ देते आणि त्याच वेळी बाबिनीवर गुंडाळते. जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये याच रिंग चात्या (चाती म्हणजे बाबीन फिरवणारा दांडा) हिंदुस्थानात फार लवकर आणल्या, त्यामुळे त्या गिरणीत काम केलेल्यांना लोरेचे कताई खाते परके वाटले नसते.

रिंग साच्यावरचे मुख्य काम म्हणजे तुटलेला धागा सांधणे. बाकी सगळे साचा करतो. म्हणून एका कामगाराला किती चात्या सांभाळता येतील हे तिच्या चपळाईवर जेवढे ठरते, त्याहून जास्त धागे किती तुटतात यावर ठरते. (तिच्या म्हणतो, कारण कताई खात्यात बहुतेक बायका आणि मुलीच असत.) साधा हिशेब मांडू. साच्याच्या एका बाजूला 112 चात्या, दोन चात्यांमध्ये तीन इंच अंतर, म्हणजे एक बाजू 28 फूट. आठ बाजू सांभाळल्या तर चात्या झाल्या 896. हजार चात्यांवर तासाला 40 धागे तुटतात असे धरले, तर तिच्या वाट्याला तासाला 36, म्हणजे दर 100 सेकंदांना एक. धागा शोधणे, बाबीन थांबवणे, टोक काढून ट्रॅव्हलरमधून ओवणे आणि सांधणे याला दहा-पंधरा सेकंद. मधल्या वेळात रिकाम्या झालेल्या रोव्हिंगच्या बाबिनी बदलायच्या, रुळांवरची लव पुसायची. दमवणारे आहे, पण जमते.

आता बाराच बाजू द्या. चात्या 1,344. तासाला 54 धागे, एक फेरी 336 फुटांची. आणि त्याच वेळी मालकाने स्वस्त, आखूड तंतूची रुई घेतली किंवा चात्यांचा वेग वाढवला, की तुटण्याचे प्रमाण दुप्पट होते. मग तासाला 108, म्हणजे जेमतेम 33 सेकंदांना एक. यातली सर्वांत वाईट गोष्ट पुढे आहे. वेळेत न सांधलेला धागा स्वस्थ बसत नाही. रुळातून सुटलेले तंतू रुळाभोवती गुंडाळले जातात, किंवा सुटे टोक शेजारच्या धाग्याला फटकारून तोही तोडते. म्हणजे मागे पडलेली बाई मागे पडतच जाते. काम दीडपट केले तर श्रम दीडपट होतात, हा कचेरीतला हिशेब आहे. खात्यात ते एका मर्यादेनंतर एकदम हाताबाहेर जातात.

लोरेत 1927-28 मध्ये हेच झाले. गिरणी तेव्हा ऱ्होड आयलंडच्या मॅनव्हिल-जेंक्स कंपनीकडे होती आणि टायरमध्ये घालायचे पिळदार दोर आणि त्याचे कापड काढत होती. कामगारांची संख्या 3,500 वरून 2,200 च्या आसपास आणली गेली, मजुरीही कापली. कामगार या पद्धतीला स्ट्रेच-आउट म्हणत. 1 एप्रिल 1929 रोजी संप सुरू झाला. नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन ही संघटना कम्युनिस्टांची होती, तिचा संघटक फ्रेड बील मॅसॅच्युसेट्सहून आला होता, आणि या एका गोष्टीमुळे संपाचा पुढचा सगळा इतिहास ‘बाहेरच्या लाल लोकांनी भडकवलेला’ या चौकटीत लिहिला गेला. माझी तक्रार या चौकटीबद्दल आहे. संपाच्या मागण्या वाचा. आठवड्याला किमान 20 डॉलर आणि 40 तासांचा आठवडा या मोठ्या मागण्या सर्वांना माहीत असतात. त्यांच्याच शेजारी उक्ती मजुरी आणि हँक घड्याळाची पद्धत बंद करा, ही मागणी आहे. मॉस्कोत बसून कोणाला ती सुचली नसती.

हँक म्हणजे 840 यार्ड. रोव्हिंगच्या साच्यावर पुढच्या रुळाला जोडलेले घड्याळ किती हँक माल निघाला ते मोजते. मागावर तसेच घड्याळ बाण्याचे धागे मोजते. मजुरी त्या आकड्यावर. साचा थांबला की घड्याळ थांबले. पण साचा थांबतो कशाने? पेळू जाडाबारीक आला, रुई वाईट होती, दमटपणा उतरला, पट्टा घसरला, मागच्या खात्यातून माल वेळेवर आला नाही. यातले एकही कारण साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नाही आणि नुकसान मात्र सगळे त्याच्या पाकिटातून. रुई खरेदी करताना मालकाने वाचवलेले पैसे अशा रीतीने कामगार भरत होता. हा अन्याय कळायला राजकारण शिकावे लागत नव्हते.

पुढच्या घटना थोडक्यात. 18 एप्रिलच्या रात्री तोंडे झाकलेल्या जमावाने युनियनची कचेरी मोडली. मे महिन्यात संपकऱ्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढले आणि त्यांनी तंबू ठोकले. 7 जूनला त्या तंबूंच्या वस्तीवर पोलिस गेले असता गोळीबार झाला आणि पोलिसप्रमुख ऑर्व्हिल अ‍ॅडरहोल्ट मारला गेला. त्या खटल्यात बील आणि आणखी सहा जणांना शिक्षा झाली. 14 सप्टेंबरला सभेला निघालेल्या कामगारांचा ट्रक अडवून गोळ्या झाडल्या गेल्या; त्यात एला मे विगिन्स ठार झाली. बेसेमर सिटीच्या गिरणीत ती कताईवर होती, पोरांची आई होती, स्वतः गाणी रचून सभांत म्हणत असे आणि काळ्या कामगारांनाही युनियनमध्ये घ्या असा तिचा आग्रह होता. तिच्या खुनाच्या आरोपींना ज्यूरीने सोडून दिले. या संपाचा सरकारी फलक रस्त्याकडेला लागायला 2007 साल उजाडले.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल, आणि ते योगायोगाने नाही. त्याच सुमारास, 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. ससून गटाच्या गिरण्यांत विणकराला दोनाऐवजी तीन माग आणि कताईवाल्याला दुप्पट साचे देण्याचा प्रयोग हे त्या संपाचे एक मोठे कारण होते. पहिल्या महायुद्धानंतर कापडाचे भाव कोसळले, नफा आटला आणि दोन्हीकडच्या मालकांनी एकच उत्तर शोधले. गिरणगावात त्यातून गिरणी कामगार युनियन बळकट झाली. गॅस्टनमध्ये युनियन चिरडली गेली, आणि 1934 च्या देशव्यापी संपातही हरल्यावर दक्षिणेतल्या गिरणी कामगारांनी पुढची कित्येक दशके युनियनचे नाव काढायचे टाळले. फरक का पडला, याचे एक उत्तर घरात आहे. मुंबईच्या कामगाराची चाळ बहुधा दुसऱ्या कोणाच्या मालकीची असे आणि त्याला कोकणात किंवा घाटावर गाव होते. गॅस्टनच्या कामगाराचे घर, दुकान, चर्चचा पगारी पाद्री, सगळे कंपनीचे. घरभाडे खोलीमागे लावायचे आणि खोलीमागे एक कामगार द्यायचा, अशी पद्धत दक्षिणेत पुष्कळ गिरण्यांत होती. त्यामुळे मूल साच्यावर पाठवणे हा घर टिकवण्याचा भाग झाला. 1908 साली बालमजुरीची छायाचित्रे टिपत फिरणाऱ्या लुइस हाइनने गॅस्टोनियात काढलेल्या छायाचित्रांतली पोरे याच व्यवस्थेतली आहेत. शेजारच्या शार्लटच्या गिरणीतला एक बाप आपल्या मुलांना कामावर ठेवता यावे म्हणून कोर्टात गेला आणि 1918 साली सर्वोच्च न्यायालयाने बालमजुरीविरोधी केंद्रीय कायदाच रद्द केला. बापाला निर्दयी म्हणण्याआधी त्याच्या घराचा करार वाचायला हवा.

आणि या घरांत, या खात्यांत काळी माणसे जवळजवळ नव्हती. साउथ कॅरोलायनाने 1915 साली गोऱ्या-काळ्यांना एका खात्यात काम करायला कायद्यानेच मनाई केली. उत्तरेकडच्या कॅरोलायनात कायदा नव्हता, रिवाज पुरेसा होता. काळ्या पुरुषांना गाठी वाहणे, गाठी फोडणे, बॉयलर आणि अंगण एवढेच. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही दारे उघडली, म्हणजे उद्योगाला उतरती कळा लागायला वीसच वर्षे उरली असताना. ‘आमचे गिरणीगाव म्हणजे एक कुटुंब होते’ ही आठवण खरी असेलही, पण त्या कुटुंबात कोणाला प्रवेश नव्हता हे तिच्याच शेजारी लिहिले गेले पाहिजे.

फुप्फुसांचेही तसेच. कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस सोमवारी जास्त त्रास देतो. सुटीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. म्हणून कित्येक वर्षे त्याला ‘रविवारच्या दारूचा परिणाम’ म्हणून उडवून लावता आले. धूळ सर्वांत जास्त गाठी फोडण्याच्या आणि कार्डिंगच्या खात्यात. ब्रिटनने 1940 च्या दशकातच या आजाराला भरपाई दिली. अमेरिकेत 1978 साली मर्यादा आली: सूतकताईपर्यंतच्या खात्यांत घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम, खळ आणि विणाईच्या खात्यांत 750. मालकांच्या संघटनेने ती न्यायालयात नेली आणि 1981 साली हरली. मग गिरण्यांनी कार्डिंगची यंत्रे बंदिस्त केली, रुई हाताने न भरता नळ्यांतून खेळवली, धूळ उतरली आणि उत्पादनही वाढले. हे आधीच करता आले असते. ज्या दालनात आज कोणाची तरी बैठकीची खोली आहे, तिथे कोणते खाते होते आणि तिथली धूळ मोजली तेव्हा किती निघाली, एवढे भाडेकरूला सांगायला काय हरकत आहे?

हरकत सांगणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. असल्या अटी घातल्या तर विकासक पाठ फिरवेल, इमारत पडून राहील, छत गळेल, पाण्याने तुळया कुजतील आणि एक दिवस आगीत किंवा बुलडोझरखाली जाईल. लोरे सहा-सात लाख चौरस फुटांची नसती आणि संवर्धनवाल्यांनी 1998 साली ती पदरात घेतली नसती, तर तेच झाले असते. हे मला मान्य आहे. आता तिथे इतिहासाचे एक छोटे केंद्रही आहे, विद्यापीठाच्या मदतीने उभे राहिलेले. पण ते आग्रही माणसांमुळे झाले, नियमामुळे नाही. पुढच्या गिरणीत तशी माणसे नसतील. आणि खर्चाचे म्हणाल, तर एक कोटी डॉलरच्या दुरुस्तीवर केंद्राची सवलत वीस लाखांची. तिचे पाच टक्के, म्हणजे एक लाख डॉलर, कामाच्या इतिहासासाठी बांधून ठेवले, तर कोणताही प्रकल्प बुडत नाही.

त्या पैशाचे काय करायचे? पहिले, एक रिंग साचा चालू स्थितीत. रंग फासून दारात ठेवलेला साचा काहीही शिकवत नाही. चालू ठेवणे मात्र कष्टाचे आहे. साचा पाणसळीत बसवावा लागतो, नाहीतर चात्या थरथरतात आणि धागे तुटतात. वर्षभर उभा राहिला की कड्यांवर गंज धरतो. गंजलेल्या कड्यावर ट्रॅव्हलर काही मिनिटांत जळून उडतो, म्हणून कडी घासून, नव्या ट्रॅव्हलरसह आधी कमी वेगाने फिरवून घ्यावी लागतात. रोव्हिंग कुठून आणायचे हा खरा प्रश्न, कारण त्याच्यामागे सगळी गिरणी लागते. गॅस्टोनियात मुख्यालय असलेली पार्कडेल कंपनी आजही सूत कातते. अशा चालू गिरणीशी पुरवठ्याचा करार करूनच साचा घ्यावा. आणि पाहुण्यांना नुसते दाखवू नये, धागा सांधायला द्यावा, समोर घड्याळ लावून.

दुसरे, कागद. पगारपत्रके, हँकच्या नोंदी, दमटपणाचे तक्ते, अपघातांची वही, घरभाड्याची खाती. गिरणी विकली जाते तेव्हा यंत्रे भंगारात आणि कागद कचऱ्यात जातात. सवलतीचा अर्ज मंजूर होण्याआधी ही कागदपत्रे काउंटीच्या ग्रंथालयात किंवा राज्याच्या दप्तरखान्यात जमा झाली पाहिजेत. मुंबईत 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना आणि तिसरा परवडणाऱ्या घरांना ठरवला होता. 2001 च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता आकसला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. अट मोघम ठेवली की ती किती आकसते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. म्हणून कोणते कागद, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकडे, हे नियमातच लिहिलेले हवे.

तिसरे काम सर्वांत निकडीचे. नॉर्थ कॅरोलायनातल्याच चॅपल हिलच्या विद्यापीठाने 1970 च्या दशकापासून गिरणी कामगारांच्या शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून 1920 च्या दशकातले आवाज आपल्याकडे आहेत. 1993 साली लोरेत विशीत असलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली, चाळिशीतली ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना ‘गिरणीतले दिवस कसे होते’ असे विचारले की ‘चांगले होते, कठीण होते’ एवढेच हाती लागते. विचारायचे असे: किती बाजू सांभाळत होता, कोणत्या नंबरचे, म्हणजे किती बारीक सूत, कोणत्या ऋतूत धागे जास्त तुटत, कामाचा वाटा वाढवला तो कोणत्या वर्षी आणि कोणी येऊन सांगितला, सोमवारी छाती कशी असे, कंपनीच्या डॉक्टरने कागदावर काय लिहिले, पहिला काळा सहकारी शेजारच्या साच्यावर कधी आला आणि त्या दिवशी खात्यात काय झाले.